मंडळाचा सभासद कोण? चाळ गेली, टॉवर आला, घटना तीच राहिली

भोईवाडा_जुना
नमस्कार मंडळी. बरेच दिवस डोक्यात घोळतंय ते मांडतो, थोडं लांबेल.

आमचं मंडळ परळचं, चाळीतलं. गणपती, नवरात्र, एक लहान वाचनालय, कॅरमचा बोर्ड आणि गुरुवारचं भजन एवढा पसारा. मंडळाच्या घटनेत सभासदत्वाचं कलम एका ओळीचं आहे : 'चाळीत राहणारा, अठरा वर्षे पूर्ण झालेला पुरुष रहिवासी, वर्गणी दरमहा चार आणे.' पुढे 'पुरुष' हा शब्द काढला. चार आण्यांचे पन्नास रुपये झाले. 'चाळीत राहणारा' हे मात्र जसंच्या तसं राहिलं.

आता चाळच नाही. पुनर्विकासात दोन इमारती उभ्या राहिल्या. एक आम्हा जुन्या रहिवाशांची, दुसरी विक्रीची. दोघांची गेटं वेगळी, लिफ्ट वेगळ्या. आमच्यातली बरीच बिऱ्हाडं घर विकून किंवा भाड्याने देऊन विरार, नालासोपारा, बदलापूरला गेली. वर्गणीच्या वहीत ९८ नावं आहेत, त्यातली जेमतेम चाळीस माणसं आज या पत्त्यावर राहतात.

गेल्या महिन्यात विक्रीच्या इमारतीतल्या चौघांनी विचारलं, आम्हाला सभासद करून घेता का? हे लोक गणपतीला देणगी देतात. एकेकाची देणगी आमच्या दहा-पंधरा सभासदांच्या वर्षभराच्या वर्गणीएवढी असते. त्याच आठवड्यात नालासोपाऱ्याहून आमच्या जुन्या खजिनदारांचा फोन आला. तीस वर्षं त्यांनी मंडळाचा पैन् पै हिशेब ठेवला. म्हणाले, "मी आता रहिवासी नाही. माझं नाव काढणार काय रे?"

मला उत्तर देता आलं नाही.

तुमच्या मंडळात, वाचनालयात, व्यायामशाळेत हा प्रश्न आला का? काय केलंत? आणि दुसरं, मला असं दिसतंय की कामगारांच्या संस्था हळूहळू पगारदारांच्या हातात गेल्या आणि पगारदारांच्या संस्था ओस पडत चालल्या. हे बरोबर आहे की मला एकट्यालाच असं वाटतंय?

सायंतारा
चांगला विषय. वाचतेय.

पार्ल्याची_जुई
तुमच्या दुसऱ्या प्रश्नावर बोलते, कारण मी त्या ओस पडलेल्या बाजूची आहे.

पार्ल्यात संस्थांची परंपरा मोठी. लोकमान्य सेवा संघ १९२३ सालचा. त्याच्या आसपास वाचनालयं, व्याख्यानमाला, महिला मंडळं, संगीत मंडळं वाढली. मी ज्या छोट्या संस्थेत काम करते तिथे सगळा कारभार आजीव सभासदांवर उभा आहे. कधीकाळी एकरकमी पैसे भरून लोक आजीव झाले, त्या पैशातून वास्तू झाली. यादीत आजही हजारावर नावं आहेत. वार्षिक सभेला पन्नास-साठ माणसं येतात. गणपूर्तीअभावी सभा अर्धा तास तहकूब होते आणि मग त्याच जागी, त्याच माणसांची पुन्हा सुरू होते. वर्षानुवर्षं हेच चाललंय.

आजीव सभासदाला कोणी विचारत नाही, बाबा तू आहेस कुठे? त्याला दरमहा वर्गणी द्यायची नसते, म्हणून वर्गणी मागायला कोणी त्याच्या दारी जात नाही. आमच्याकडे पैसा आला तसं दारी जाणं संपलं. तुमच्याकडे अजून दरमहा पन्नास रुपये मागायला कुणीतरी जिना चढतो, हे फार मोलाचं आहे हो. ते सोडू नका.

तरुण येत नाहीत ही तक्रार सगळे करतात. पण आमच्या घरांच्या किमती बघा. इथे वाढलेली मुलं लग्न झाल्यावर इथे घर घेऊच शकत नाहीत, ती ठाण्याला, बोरिवलीच्या पुढे, पुण्याला गेली. त्यांना दोष कसा द्यायचा?

पाळी_सुटली
वडील गिरणीत होते, मी शेवटची काही वर्षं बदली कामगार म्हणून पाहिली. मंडळं कुठून आली ते सांगतो, कारण नुसतं 'पूर्वी एकोपा होता' म्हटलं की काहीच कळत नाही.

घर म्हणजे दहा बाय बाराची खोली. तीत आठ-दहा माणसं, त्यातले निम्मे रात्रपाळीहून येऊन दिवसा झोपणारे. मग जागा माणूस जाणार कुठे? ओटा, नाका, नाहीतर मंडळाची खोली. घरात बसायला जागा नव्हती म्हणून मंडळ होतं. दुसरं, पाळी. पहिली पाळी दुपारी सुटली की माणसाच्या हातात अख्खी संध्याकाळ. त्या संध्याकाळीवर कबड्डीचे संघ, भजनी मंडळं, व्यायामशाळा, कामगारांची नाटकं उभी राहिली. तिसरं, गावकी. एका गावच्या माणसांनी मिळून घेतलेली खोली, गावाहून आलेला पोरगा नोकरी लागेपर्यंत तिथे पथारी टाकायचा. भिंतीवर ट्रंका, खुंटीवर पखवाज.

याला बाहेरून हातभार लावणारेही होते. ना. म. जोशींनी १९११ साली सोशल सर्व्हिस लीग काढली. त्यांच्या रात्रशाळा आणि मोफत वाचनालयं याच वस्तीत चालली. पुढे राज्य सरकारची कामगार कल्याण केंद्रं आली. आमचा कॅरम, टेबल टेनिस, नाट्यस्पर्धा सगळं तिथलं.

१८ जानेवारी १९८२ला संप सुरू झाला. अडीच लाख माणसं बाहेर. गिरणी गेली म्हणजे पगार गेला एवढंच लोक बोलतात. पण पाळी गेली, म्हणजे संध्याकाळ गेली. कोणी वॉचमन झाला, कोणी भाजीची गाडी लावली, कोणी गावी गेला. वॉचमनची ड्युटी बारा तासांची. बारा तास उभा राहिलेला माणूस कबड्डीच्या सरावाला येत नाही.

भोईवाडा_जुना
'पाळी गेली म्हणजे संध्याकाळ गेली' हे मी कधी असं पाहिलंच नव्हतं. आमचं भजन आठाचं साडेनऊला गेलं, मग गुरुवारचं महिन्यातून एकदा झालं. आम्ही मुलांना नावं ठेवत बसलो.

निळी_पायवाट
चर्चा चांगली चाललीय, पण मला अडलंय ते सांगतो.

मी बीडीडी चाळीत वाढलो. १६० चौरस फुटांची खोली, मजल्यावर सामाईक संडास. वरच्या प्रतिसादात जे वर्णन आहे ते सगळं आमच्याकडेही होतं, फक्त तुमच्या मंडळात आम्ही नव्हतो. तुमच्या घटनेत 'चाळीत राहणारा' आहे. ते वाचून वाटतं की अट फक्त पत्त्याची होती. पण खोल्या कोणाला मिळायच्या? गाववाल्याच्या ओळखीने, जातवाल्याच्या ओळखीने. त्यामुळे पत्ता लिहिला की जात न लिहिताच ठरून जायची. एकाच मैदानाच्या दोन टोकांना दोन मंडळं, दोघांच्या नावात 'सार्वजनिक'. माझ्या वडिलांनी गणपतीत मांडव घालायला हात दिला होता. वहीत नाव मात्र कधी आलं नाही.

म्हणून आमच्या लोकांनी स्वतःच्या संस्था काढल्या. १९२४ साली बाबासाहेबांनी बहिष्कृत हितकारिणी सभेच्या स्थापनेसाठी बैठक बोलावली ती याच परळच्या दामोदर हॉलमध्ये. पुढच्याच वर्षी सभेने सोलापूरला वसतिगृह काढलं. आमच्या चाळीतलं वाचनालय, विहार, १४ एप्रिलची समिती हे सगळं त्याच वाटेने आलं. आम्ही जमलो ते नुसत्या विरंगुळ्यासाठी नाही, आम्हाला दुसरीकडे बसू देत नव्हते म्हणून.

आता पुनर्विकास आमच्याकडेही आला. वरळीत ऑगस्ट २०२५मध्ये ५५६ कुटुंबांना पाचशे चौरस फुटांच्या घरांच्या चाव्या मिळाल्या. आनंद आहे, मनापासून आहे. आईला पहिल्यांदा घरातच संडास मिळाला. पण बिऱ्हाडं सोडतीने मिसळली. मजल्यावर आता कोकणातला मराठा, आम्ही, एक तेलुगू कुटुंब, एक पोलीस. भोईवाडाभाऊ, तुमचा प्रश्न मला म्हणूनच महत्त्वाचा वाटतो. नव्या माणसाला घेताना फक्त 'विक्रीच्या इमारतीतला' एवढाच नवा माणूस डोळ्यांपुढे ठेवू नका. जुन्या काळात बाहेर राहिलेलाही कोणी शेजारी असेल.

लाडघर
वरच्या प्रतिसादाला +१. आमच्या व्यायामशाळेतही हेच. कोणी बोलत नाही.

भोईवाडा_जुना
निळी_पायवाट, तुमचा प्रतिसाद वाचून काल रात्री जुनी वही काढली. पहिल्या पंचवीस वर्षांतली सगळी नावं दोनच तालुक्यांतली आणि दोनच जातींतली आहेत. मी ही वही शंभर वेळा हाताळली, कधी अशी वाचली नव्हती. हे सभेत सांगणार आहे. तुम्ही लिहिलंत, आभार.

विरार_फास्ट
त्या नालासोपाऱ्याच्या खजिनदारांसारखाच मी. लालबागमधून विरारला येऊन बावीस वर्षं झाली.

सभा रविवारी संध्याकाळी सातला ठेवतात. ती सुरू होते साडेआठला. दहाला हिशेबावर वाद निघतो. मी साडेदहाला उठतो, कारण सोमवारी पहाटे पाण्याची वेळ असते. ठराव मी उठल्यावर होतात. गेल्या दहा वर्षांत एकाही महत्त्वाच्या ठरावाला माझा हात वर गेलेला नाही, आणि इतिवृत्तात 'सर्वानुमते' लिहिलेलं असतं. पन्नास रुपये वर्गणी मला जड नाही. मला जड आहे तो अर्धा दिवस.

आमच्या गावच्या मुंबईकर मंडळाने हे बरोबर हेरलं. गाव रत्नागिरी जिल्ह्यातलं, माणसं विरारपासून पनवेलपर्यंत पांगलेली. पूर्वी बैठक परळच्या खोलीत असायची. आता एक महिना विरार, एक महिना दिवा, एक महिना परळ अशी फिरती ठेवतात, सकाळी दहाला सुरू आणि एकला बंद. गावच्या देवळासाठी किंवा शाळेच्या खोलीसाठी पैसे उभे करायचे तर शक्ती-तुऱ्याचा, म्हणजे कोकणातल्या सवाल-जवाबी लोकगाण्यांचा, कार्यक्रम लावतात आणि तिकिटं घरोघर खपवतात. माझी मुलगी जन्मापासून विरारची, गावी राहिली ती फक्त मे महिन्यात. पण तिकिटं विकायला तीच पुढे असते.

सांगायचं हे, की पत्ता बदलला तरी माणूस सभासद राहू शकतो. सभेची वेळ मात्र त्याच्यासाठी बदलावी लागते.

सतरावा_मजला
मी मुद्दाम खाते उघडून लिहितोय. मी अशाच एका विक्रीच्या इमारतीत राहतो. परळ नाही, पण जवळच.

आमच्याबद्दल 'पैसेवाले' असं एका शब्दात बोललं जातं. माझा पगार चांगला आहे हे खरं. त्यातला मोठा भाग घराच्या हप्त्यात जातो आणि मी घरी पोचतो साडेनऊला. मी मूळचा अहिल्यानगर जिल्ह्यातला, गावात आमच्या आळीच्या मंडळात लेझीम खेळायचो. इथे चार वर्षांत मंडळाची मुलं माझ्या दारात दरवर्षी येतात, पावतीपुस्तक घेऊन. अदबीने बोलतात, पैसे घेतात, जातात. एकदाही कोणी म्हणालं नाही की उद्या मखराचं काम आहे, या.

माझा आठ वर्षांचा मुलगा खिडकीतून खाली ढोल ऐकतो. मला त्याला खाली न्यायचं असतं, पण कोणाला विचारायचं कळत नाही. मधे भिंत आहे आणि गेटावर सुरक्षारक्षक आहे. ती भिंत मी बांधलेली नाही.

सभासद करून घ्या म्हणणाऱ्या त्या चौघांना कदाचित हेच हवं असेल.

तळमजला
सतरावा_मजला यांचं म्हणणं मनाला लागलं. तरी मी विरोधात लिहिणार, राग नसावा.

आमच्याकडे हे करून झालंय. सहा वर्षांपूर्वी मोठ्या मनाने सगळ्यांना सभासद केलं. पहिल्या वर्षी छान वाटलं. दुसऱ्या वर्षी कार्यकारिणीत तिघे आले, शिकलेले, बोलणारे. सभेचं इतिवृत्त इंग्रजीत लिहायला लागले. हिशेब लॅपटॉपवर आला, तो चांगलाच होता, चुका सापडल्या. पण आमचे म्हातारे गप्प झाले. ज्याने पंचवीस वर्षं मांडवाला दोर बांधले, तो सभेत तोंड उघडेना. तिसऱ्या वर्षी ठराव आला की भजन नऊनंतर नको, मुलांच्या परीक्षा असतात. मंजूर झाला. चौथ्या वर्षी मूर्ती कुठून आणायची तेही बदललं. भांडण कुठेच झालं नाही. माणसं यायची कमी झाली, इतकंच.

माझं मत : त्यांना सभासद करा, कामात घ्या, जेवायला बसवा. मताचा अधिकार मात्र निदान तीन वर्षं काम केल्यावर.

सतरावा_मजला
तीन वर्षं काम करून मग मत, हे मला मान्य आहे. खरंच मान्य आहे. काम सांगा.

फेरीवाट
तळमजला, तुम्ही म्हणता तो धोका खराय. पण 'शिकलेले बोलणारे' बाहेरूनच येतात असं कुठंय? आमच्या चाळीतली मुलंच सीए, इंजिनिअर झाली. तीच सभेत आपल्या काकांना इंग्रजीत समजावतात. आता एका घरातच दोन वर्ग राहतात.

जुनी_मुंबई
थोडं इतिहासात जातो. सभासदत्वाची दारं या शहरात कायम वर्गाने आणि वंशाने राखली गेली. एशियाटिक सोसायटीची सुरुवात १८०४ सालची, पहिला हिंदी सभासद माणेकजी कर्सेटजी, तो १८४० साली. म्हणजे छत्तीस वर्षं. बॉम्बे जिमखाना १८७५ सालचा, युरोपियनांचा. मग समुद्राकाठी पारशी जिमखाना १८८५, इस्लाम जिमखाना १८९२, हिंदू जिमखाना १८९४ असे ज्याचे त्याचे उभे राहिले. गोऱ्यांच्या क्लबांत हिंदी माणसाला घेत नसत म्हणून विलिंग्डन क्लब १९१८ साली निघाला, दोघांना एकत्र बसता यावं यासाठी.

आणि एक गंमत पाहा. त्या क्लबांच्या अर्जावर नव्या सभासदाला सूचक आणि अनुमोदक लागतो. आपल्या चाळीतल्या मंडळांच्या अर्जावरही हेच दोन रकाने आहेत. आत असलेल्या दोघांनी हात धरल्याशिवाय बाहेरचा आत येत नाही.

पाळी_सुटली
आमच्या अर्जावर सूचक-अनुमोदक होते, पण तिथे कोण सही करायचा माहितेय? ज्याच्या मशीनशेजारी तुमचं मशीन तो. अनुमोदक म्हणजे खात्यातला मुकादम. नोकरी लावणारा तोच, मंडळात आणणारा तोच. निळी_पायवाट म्हणाले ते म्हणूनच खरं आहे. कापड खात्यात अस्पृश्य मानलेल्या माणसाला घेत नसत, धाग्याला तोंड लावावं लागतं म्हणून विटाळ धरत. खातं बंद, म्हणजे अनुमोदकही नाही.

हिशेबतपासनीस
विश्वस्त संस्थांचे हिशेब तपासायचं काम करतो, म्हणून कायद्याची बाजू.

बहुतेक मंडळांची नोंदणी दोन ठिकाणी असते : संस्था नोंदणी कायदा १८६० आणि सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था कायदा १९५०. पहिल्यासाठी किमान सात माणसं लागतात. सभासद कोण हे तुमची घटना ठरवते, कायदा नव्हे. त्यामुळे 'चाळीत राहणारा' ही अट बदलायची तर घटनादुरुस्तीच करावी लागेल. घटनेत दुरुस्तीची रीत दिलेली असते, ती अक्षरशः पाळा. सभेची सूचना सगळ्यांना लेखी पाठवा, पत्ता बदललेल्यांनासुद्धा, आणि पोच ठेवा. विश्वस्त बदलले की नव्वद दिवसांत बदल अर्ज धर्मादाय आयुक्तांकडे गेला पाहिजे. कित्येक मंडळांचे बदल अर्ज वीस-वीस वर्षं दिलेले नसतात, कागदावर अजून वारलेली माणसं विश्वस्त असतात. आधी ते नीट करा.

खजिनदारांचं नाव असंच काढू नका. नोटीस नाही, म्हणणं ऐकून घेतलं नाही, तर ते टिकणार नाही.

अजून एक. १८६०च्या कायद्याचं कलम १५ : ज्याची वर्गणी तीन महिन्यांहून जास्त थकली त्याला मत देता येत नाही आणि सभासद म्हणून मोजताही येत नाही. सभेआधी थकबाकी तपासा, नाहीतर ठरावाला आव्हान मिळतं.

विरार_फास्ट
म्हणजे ज्याची नोकरी गेली त्याचं मतही गेलं?

पाळी_सुटली
यावर माझी आठवण सांगतो.

संपाच्या दुसऱ्या महिन्यात आमच्या मंडळात हाच पेच आला. कोणाकडेच वर्गणी नाही. नियमाने तीन महिन्यांनी सगळंच मंडळ बिनमताचं होणार. तेव्हाच्या कार्यवाहांनी सभा बोलावली. स्वतः संपात, घरातलं तांब्या-पितळ विकून झालेलं. त्यांनी ठराव लिहिला : संप मिटेपर्यंत कोणत्याही सभासदाकडून वर्गणी घेऊ नये आणि कोणाचीही बाकी दाखवू नये. वहीत प्रत्येकाच्या नावापुढे त्यांनी आडवी रेघ मारली. 'बाकी' हा शब्द लिहिला नाही.

संप काही रीतसर मिटला नाही. मागे घेतल्याची घोषणा कधी झालीच नाही. माणसं तुटत गेली, गिरण्या बंद होत गेल्या. त्यामुळे आमच्या मंडळाचा तो ठराव आजही रद्द झालेला नाही. १९९१-९२ला वर्गणी पुन्हा सुरू केली तेव्हा कोणीतरी म्हणालं, आधी जुना ठराव रद्द करू. कार्यवाह म्हणाले, तो राहू द्या.

सायंतारा
हे वाचून डोळे भरले. पुढचं लिहा कोणीतरी.

चूल_आणि_वही
मी परळच्याच एका पुनर्वसन इमारतीत राहते. बायकांचं लिहिते.

मंडळात बायका फक्त आरतीला आणि प्रसादाला. आमचं खरं मंडळ म्हणजे भिशी आणि बचत गट. गटात पंधरा जणी, महिन्याला दोनशे रुपये, आपसात कर्ज, बँकेत खातं. सगळ्या बायका सभेला येतात, कारण न येणाऱ्या बाईचे पैसे अडकतात. गिरणगावात हे नवीन नाही. प्रेमा पुरव यांनी खानावळी चालवणाऱ्या बायकांना एकत्र आणून १९७५ साली अन्नपूर्णा महिला मंडळ काढलं. माझी सासूही खानावळ चालवायची, वीस-बावीस कामगार जेवायला.

आता अडचण सांगते. आमच्या इमारतीतल्या कितीतरी बायका पलीकडच्या टॉवरमध्ये कामाला जातात. पोळ्या, मुलं सांभाळणं, आजाऱ्यांची सेवा. मीसुद्धा जाते. उद्या तिथल्या बाई मंडळाच्या सभासद झाल्या, तर सभेत मी त्यांच्या विरुद्ध हात वर करणार का? त्या वाईट नाहीत, फार चांगल्या आहेत. माझ्या मुलीची फी त्यांनी भरली होती. म्हणूनच हात वर होणार नाही. तळमजला म्हणतात ती माणसं गप्प होणं असं असतं.

मला त्यांना बाहेर ठेवायचं नाही. पण मत चिठ्ठीवर घ्या, हात वर करून नको. एवढंच माझं मागणं आहे.

पार्ल्याची_जुई
चूल_आणि_वही, गुप्त मतदानाचं कारण इतकं स्पष्ट मी आजवर कुठे ऐकलं नव्हतं.

गडवाट
नव्या पिढीकडून थोडं. आम्ही पंचवीस-तीस जण दर महिन्याला एका किल्ल्यावर श्रमदानाला जातो. टाकी साफ करणं, पायऱ्यांवरची माती काढणं. ना घटना, ना वर्गणी, फक्त व्हॉट्सॲप गट. पैसे भरून जायचे ट्रेक वेगळे, तिथे एकाच थरातले लोक असतात, कारण एका रविवारला हजार-बाराशे लागतात. श्रमदानाला तसं नाही. बँकेतला अधिकारी, रिक्षावाल्या काकांचा मुलगा, डिलिव्हरी करणारे दोघे. घमेल्याच्या रांगेत उभं राहिलं की कोण काय करतो विचारायला वेळ नसतो. भाकरी एकत्र.

हिशेबतपासनीस
तुमच्या कामाबद्दल आदरच आहे. पण गटाचा ॲडमिन कोणी निवडला? एखाद्याला काढून टाकलं तर त्याने दाद कोणाकडे मागायची? गोळा झालेल्या पैशांचा हिशेब कुठल्या सभेत मांडतात? मंडळाची रटाळ सभा, इतिवृत्त, निवडणूक याच गोष्टींमुळे चाळीतल्या माणसाला पहिल्यांदा कळलं की अध्यक्षालाही उठवता येतं.

गडवाट
हे खरं आहे. दोन वर्षांपूर्वी ॲडमिनशी वाद झाला म्हणून एक चांगला मुलगा काढला गेला. आम्ही कोणी काही करू शकलो नाही. आणि ते डिलिव्हरीवाले दोघे आता येत नाहीत, रविवारीच त्यांना जास्त ऑर्डर मिळतात.

पाळी_सुटली
पुन्हा पाळीच बघा.

भोईवाडा_जुना
मंडळी, तुम्ही लिहिलेलं छापून घेऊन कार्यकारिणीत वाचलं. चूल_आणि_वही यांचा प्रतिसाद आमच्या चिटणीसबाईंनी वाचला, तो वाचून झाल्यावर थोडा वेळ कोणी बोललं नाही.

मूळ प्रश्नावर असा मसुदा केलाय, तुमच्या सूचना हव्यात. 'चाळीत राहणारा' काढायचं. त्याजागी : मंडळाच्या आवारात राहणारा किंवा पूर्वी राहिलेला, त्याचे कुटुंबीय, आणि आवाराशेजारी राहणारा जो कोणी दोन वर्षं मंडळाच्या कामात असेल तो. जात, गाव, इमारत काही विचारायचं नाही. सूचक-अनुमोदकाची अट रद्द. वर्गणी पन्नासच, देणगी कितीही मोठी असली तरी मत एकच. मतदान चिठ्ठीवर. इतिवृत्त मराठीत. ज्याला वर्गणी जमत नाही त्याने खजिनदाराला तोंडी सांगायचं, कार्यकारिणी माफ करेल आणि वहीत बाकी दिसणार नाही. पाळी_सुटली, ही ओळ तुमच्या कार्यवाहांची.

तळमजला यांच्यासाठी : तीनऐवजी दोन वर्षं धरलीत. भजनाची वेळ बदलायची असेल तर भजनी मंडळाची संमती लागेल असं वेगळं कलम आहे.

तळमजला
दोन वर्षं चालतील. भजनाच्या कलमाबद्दल मनापासून आभार.

हिशेबतपासनीस
'कामात असेल' हे कोण ठरवणार ते लिहा, नाहीतर तिथेच भांडण होईल. हजेरीची वही ठेवा. वर्गणी माफ केल्याचा ठराव तारखेसह घ्या, म्हणजे कलम १५ आड येणार नाही.

निळी_पायवाट
मसुदा चांगला आहे. जुन्या वहीबद्दल सभेत बोलणार होतात, तेही विसरू नका.

भोईवाडा_जुना
नाही विसरत, पहिला विषय तोच आहे. विशेष सभा येत्या महिन्याच्या दुसऱ्या रविवारी, सकाळी दहाला सुरू, एकला बंद. विरार_फास्ट यांच्या सांगण्यावरून वेळ बदलली. सूचना सगळ्या ९८ जणांना पोस्टाने जातेय, पत्ते शोधायला पोरं लागलीत. खजिनदारांचं पाकीट मी स्वतः घेऊन नालासोपाऱ्याला गेलो होतो. त्यांनी चष्मा लावून सूचना दोनदा वाचली आणि विचारलं, "वर्गणी किती महिन्यांची थकलीय माझी?" मी म्हटलं, वहीत काही बाकी नाही. ते आत गेले आणि पाकिटात सहाशे रुपये घालून घेऊन आले.

सतरावा_मजला, मखराचं काम त्याच रविवारी दुपारी सुरू होतंय. मुलाला घेऊन या. गेटावर माझं नाव सांगा.